चाचणीत शून्य, दगडांवर जंगल

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये तीन फुटांची, साधारण २०० लिटरची रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी, सुरू करून अडीच महिने झाले. दगड कोरडे घेतलेले, वाळू पिशवीतली, पाणी घरच्या प्यायच्या आरओचं. पहिल्या महिन्यात वाळूवर तपकिरी थर आला आणि आपोआप गेला. आता दगडांवर बोटभर लांब हिरवे केस आलेत. पाण्याच्या चाचणीत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, म्हणजे शेवाळाचं खतच नाही. दिवे ११ तास. दोन क्लाउनफिश आणि झोआंथिडचे (प्रवाळांच्या नात्यातले, फुलांसारखे दिसणारे जीव) चार तुकडे. दुकानदारानं शेवाळ मारायची एक बाटली दिलीय, वर 'एक टँग (शेवाळ खाणारा मासा) सोडा, सगळं खाऊन टाकेल' असंही सांगितलंय. घरच्यांचं म्हणणं, यापेक्षा गप्पी बरे होते.

बाटली अजून उघडली नसेल तर उघडू नका. अशा बऱ्याच बाटल्या गोड्या पाण्याच्या टाक्यांसाठी केलेल्या असतात आणि कित्येकांत तांबं असतं. मासा थोडं तांबं सहन करतो. गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ करत नाहीत. ते दगडात आणि वाळूत मुरतं आणि पुढे किती तरी महिने हळूहळू सुटत राहतं. बाटलीत तांबं नसलं तरी मेलेलं शेवाळ जाणार कुठे? तिथेच कुजणार, पाण्यातला ऑक्सिजन ओढणार आणि अंगात साठवलेलं सगळं खत पुन्हा पाण्यात सोडणार. त्यावर पुढचं शेवाळ. मग दुसरी बाटली.

आता तुमच्या त्या शून्याकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे. चाचणी सांगते पाण्यात काय उरलं. टाकीत काय आलं ते ती सांगत नाही. पगार एक तारखेला जमा झाला, पाच तारखेपर्यंत हप्ते गेले, आणि तीस तारखेला शिल्लक बघून कुणी म्हणालं 'मला पगारच मिळत नाही', तर आपण हसू. तुमचे हिरवे केस म्हणजे ते हप्ते आहेत. फॉस्फेट पाण्यात उतरतं न उतरतं तोच ते उचलतात. कोरड्या दगडांत तर हे आणखी सोपं असतं. दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, फॉस्फेट धरून ठेवणारा पदार्थ. तो दगड पूर्वी कुठल्या पाण्यात होता, त्याच्या भोकांत काय वाळलं होतं, ते सगळं आता बाहेर झिरपतंय. शेवाळाची मुळी त्याच दगडाला चिकटलेली, म्हणजे ताट तोंडाशी. पाण्यापर्यंत काही पोचतच नाही, मग तुमच्या परीक्षानळीत रंग येणार कसा?

शिवाय थेंबांच्या किटमध्ये ०.०३ आणि ०.१० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) यांतला फरक डोळ्यांना दिसणं कठीण. फॉस्फेटसाठी आकडा दाखवणारा छोटा डिजिटल चेकर घेता आला तर घ्या. मात्र त्यातले काही फॉस्फरस पीपीबीमध्ये, म्हणजे पीपीएमच्या हजाराव्या भागात, दाखवतात. त्या आकड्याला ३.०७ ने गुणून १००० ने भागायचं, म्हणजे फॉस्फेट पीपीएममध्ये मिळतं. चेकरवर १० दिसलं तर फॉस्फेट साधारण ०.०३. हा गुणाकार न करता 'दहा आलं!' म्हणून घाबरलेले फोन मला येतात.

मग हे खत येतंय कुठून? तुमच्या बाबतीत पहिला संशय पाण्यावर.

मुंबईचं नळाचं पाणी पिण्यासाठी उत्तम. भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून येतं, क्षारही कमी. माझ्याकडे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) एरवी ७०-८० दाखवतो. पण हे पाणी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून वाहत आलेलं, त्यात सिलिका असतेच. पहिल्या महिन्यात वाळूवर जो तपकिरी थर दिसला ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, आणि डायटमांना आपलं कवच बांधायला सिलिकाच लागते. ती संपली की तेही ओसरतात. तुमचे ओसरले, हे ठीकच झालं.

घरचा आरओ मात्र फसवतो. 'आरओचं पाणी वापरतो' असं लोक मला छाती ठोकून सांगतात. प्यायच्या आरओला बहुतेक वेळा टीडीएस कंट्रोलर असतो. पाणी अगदी बेचव लागू नये म्हणून तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो, किंवा पुढे मिनरलचं काडतूस बसवलेलं असतं. माणसाला ते चांगलं. रीफला हवं आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) लावलेलं पाणी, ज्यात मीटर शून्य दाखवतो.

हिशोब करून बघा. २०० लिटरच्या टाकीवर पंखा लावलेला असेल तर उन्हाळ्यात दिवसाला तीन लिटर पाणी सहज उडतं. उडतं ते शुद्ध पाणी, मीठ आणि बाकी सगळं मागे राहतं. जागा भरायला तुम्ही ६० टीडीएसचं, म्हणजे लिटरमागे ६० मिलिग्रॅमचं, पाणी घालता. तीन लिटर म्हणजे रोज १८० मिलिग्रॅम, महिन्याला पाच ग्रॅमच्या वर, आणि उडणाऱ्या पाण्याबरोबर यातलं काहीही बाहेर जात नाही. त्यात निरुपद्रवी कॅल्शियम किती आणि फॉस्फेट-सिलिका किती, हे मीटर सांगत नाही. मीटरला सिलिका तर जवळजवळ दिसतच नाही, कारण ती पाण्यात बहुतांशी विद्युतभाराशिवाय असते. आणि रेझिन थकायला लागलं की सर्वांत आधी निसटते ती हीच. म्हणून मीटर शून्यावरून १-२ वर गेला की रेझिन बदला. 'अजून पाच होऊ दे' नको.

स्वतःचं आरओ-डीआय युनिट बसवताना दोन गोष्टी. वरच्या मजल्यावर नळाला दाब कमी असतो, तेव्हा बूस्टर पंप लागतोच. नाहीतर मेंब्रेन नीट गाळत नाही आणि दोष रेझिनवर येतो. दुसरं, एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन-चार लिटर वाया जातं. मुंबईत पाणीकपात लागली की घरात पहिला कटाक्ष तुमच्याकडेच येणार. ते पाणी बादलीत धरा, लादी पुसायला, कपड्यांना चालतं. आमच्याकडे ही अट लग्नातल्या सात वचनांच्या पुढचं आठवं आहे. सोसायटीत मे महिन्यात टँकर येत असेल तर त्या दिवसांत मीटर रोज लावा. टँकरचं पाणी अनेकदा बोअरचं असतं आणि त्याचे क्षार तलावाच्या पाण्याच्या कितीतरी पट निघतात. माझं एक रेझिन एरवी चार महिने चालतं, त्या मेमध्ये अकरा दिवसांत संपलं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी अडीअडचणीला कुणी वापरतं. मीटर लावल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही.

पाण्याखालोखाल खाणं. माशांच्या दाण्यांत साधारण एक टक्का फॉस्फरस धरा. एक ग्रॅम दाणे म्हणजे १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट. दगड-वाळू वजा जाता तुमच्या टाकीत खरं पाणी १६० लिटर असेल. मासे जे अंगी लावतात ते थोडं वजा करा, पण कमाल धरली तर ते एक ग्रॅम दाणे एकदम ०.१९ पीपीएमची उडी आहेत. दोन क्लाउनफिशना एक ग्रॅम नकोच. चिमटीतले सात-आठ दाणे, दिवसातून एकदा, आणि एका मिनिटात संपले पाहिजेत. मुलांना 'तू घाल' म्हणून डबा हातात दिला असेल तर निम्मं गूढ तिथेच उकललं. गोठवलेली कोळंबी देत असाल तर आधी गाळणीत वितळवा, ते पाणी टाकून द्या.

दिवे ११ तास कशाला? सात करा. पांढरा, लाल, हिरवा रंग खाली आणा, निळा ठेवा. झोआंथिडना काही होत नाही. तीन दिवस टाकीवर चादर टाकून अंधार करायचा सल्ला तुम्हाला मिळेल. केसाळ शेवाळावर त्याचा परिणाम तात्पुरता, चौथ्या आठवड्यात पुन्हा तेच.

यापलीकडे जे काम आहे ते हातांचं. नांगरून मोकळं सोडलेल्या रानात पहिल्या पावसानंतर आधी तण येतं, कारण दुसरं कुणी जागा धरलेली नसते. तुमचे कोरडे दगड म्हणजे तसलंच रान. पुढे तिथे गुलाबी कोरलाइन (दगडासारखं कडक, निरुपद्रवी शेवाळ) चढेल, बॅक्टेरियांचा पातळ थर बसेल, बारीक जीव येतील आणि शेवाळाला जागा उरणार नाही. पण तोवर निंदणी तुम्हालाच करायची आहे. रविवारी २० लिटर पाणी बदलता ना? त्याच वेळी पंप बंद करा, म्हणजे तुटलेले तुकडे टाकीभर फिरणार नाहीत. सायफनच्या बारीक नळीच्या तोंडाला जुना टूथब्रश रबरबँडनं बांधा, केस ब्रशला गुंडाळून उपटा, नळी ओढून घेईल. जो दगड सहज निघतो तो बाहेर काढून, काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीतच घासा. नळाखाली धरू नका, त्यातल्या क्लोरीननं दोन महिने जमवलेले बॅक्टेरिया मरतात. एका रविवारी एक तृतीयांश दगड पुरे. फिल्टर सॉक (कचरा गाळणारी कापडी पिशवी) दर दोन दिवसांनी धुवा, कारण त्यात अडकलेला कचरा अजून टाकीच्याच पाण्यात आहे.

केस बारीक झाले की मग गोगलगायी. लांब केस त्या खात नाहीत, कापलेलं गवत खातात. ट्रोकस मिळाल्या तर त्याच घ्या, आठ पुरेत. ट्रोकस वाळूवर उताणी पडली तर स्वतः सरळ होते. अ‍ॅस्ट्रिया बहुधा होत नाही, तिला तुम्ही उचलेपर्यंत ती तशीच. बॅंडस्टँडच्या खडकांवरून गोळा केलेल्या गोगलगायी कुणी देऊ केल्या तर नको म्हणा. त्या भरती-ओहोटीच्या; काच चढून रात्री बाहेर येतात आणि सकाळी सोफ्याखाली सापडतात.

इथवर सगळं केलंत आणि तीन आठवड्यांत फरक दिसला नाही, की मन म्हणेल: फॉस्फेट खेचून घेणारं काहीतरी टाकू या. इथे मी हात धरतो, कारण ही चूक मी केलेली आहे.

२०१४ साली गोरेगावच्या घरात माझी चार फुटी टाकी अशीच हिरवी झाली होती. मी लोहाच्या ऑक्साइडचे दाणे, ज्याला सगळे जीएफओ म्हणतात, ते रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे ज्यातून पाणी फिरतं त्या नळकांड्यात, भरपूर भरले. वर स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) मोठा घेतला, खाणं जवळपास बंद केलं, दगड घासून चकचकीत केले. तीन आठवड्यांत केस गेले. मी फोटो काढून मित्रांना पाठवले. चौथ्या आठवड्यात वाळूवर शेंबडासारखे तपकिरी दोरे आले, टोकांना हवेचे बुडबुडे. दुपारी भरपूर, रात्री दिवे गेल्यावर जवळजवळ नाहीसे, दुसऱ्या दिवशी दुपारी परत. गोगलगायी एकेक करून मरायला लागल्या. मी अजून घासलं, अजून पाणी बदललं. ते वाढतच गेले. ते डायनो होते, डायनोफ्लॅजलेट नावाचे एकपेशी जीव. नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही खरोखर शून्य झाले की बाकीचे प्रतिस्पर्धी उपाशी मरतात आणि रिकाम्या रानात हे माजतात. त्यांच्यातल्या काहींत विष असतं, गोगलगायी त्यानंच गेल्या. मला त्यातून बाहेर पडायला पाच महिने लागले, आणि बाहेर पडलो ते जीएफओ काढून टाकून, पाणी बदलणं थांबवून, मुद्दाम नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०८ पर्यंत वर नेऊन. हिरव्या शेवाळाची मला तेव्हा आठवण यायची, खरंच.

म्हणून नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१०. शून्य हे ध्येय नाही. केस कमी होत जातील तसतसे तुमचे आकडे वर येऊ लागतील, आणि तुम्ही दचकाल. दचकू नका, खाणारे कमी झालेत म्हणून शिल्लक दिसू लागलीय.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत रंग बदलत राहतील, तेव्हा ओळखून ठेवा. लालसर-जांभळी चादर, जी नळीनं ओढली की सायीसारखी सबंध निघून येते, ती सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. ते शेवाळ नाहीच, बॅक्टेरिया आहेत. पृथ्वीच्या हवेत सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन भरायला सुरुवात केली ती यांच्याच पूर्वजांनी, तेव्हा तुमच्या वाळूवर थोडी चादर अंथरली तर फार राग मानू नये. ओढून काढा, तिथे वेव्हमेकरचा (टाकीत पाणी खेळवणाऱ्या पंपाचा) झोत वळवा. तपकिरी दोरे आणि बुडबुडे दिसले तर डायनोचा संशय घ्या. खात्री करायला थोडे दोरे टाकीच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, खूप हलवून कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी काचेच्या ग्लासात तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात पुन्हा दोरे जमले तर डायनो. विद्यार्थ्यांचा साधा मायक्रोस्कोप असेल तर अजून उत्तम: थेंबाच्या आकाराचे, एका टोकाला खुंटीला बांधल्यासारखे झोके घेणाऱ्या पेशी दिसल्या तर ते ऑस्ट्रिओप्सिस, डायनोचीच एक जात. ते रात्री पाण्यात तरंगतात, म्हणून त्यांच्यावर यूव्ही दिवा चालतो. वाळूतच बसून राहणाऱ्या जातींवर तो चालत नाही. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही, तुमचे साधे हिरवे केस आहेत. ते बोटांनी उपटले तर सहज तुटतात ना? टोकाशी पिसासारखे, फर्नसारखे फाटे दिसले तर ब्रायोप्सिस, तो चिवट असतो. तसं असेल तर फोटो पाठवा, मग वेगळं बोलू.

हवामानाचं थोडं. मेमध्ये खोली ३३ अंशांवर जाते, पंख्यानं टाकी दोन-तीन अंश उतरते आणि त्यासाठी भरपूर पाणी उडतं, म्हणजे वरचा टीडीएसचा हिशोब उन्हाळ्यात सर्वांत कडक लागू. जुलैत हवाच पाण्यानं भरलेली असते, पंखा फिरतो पण पाणी फारसं उडत नाही, टाकी फारशी थंड होत नाही. मुंबईत प्रवाळ ठेवायचे तर आज ना उद्या चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्यावा लागतो, हे दुकानात सुरुवातीला कुणी सांगत नाही.

कुणीतरी नक्की म्हणेल की समुद्र एवढा जवळ, मार्वे-जुहूहून पाणी आणा, फुकटचं 'जिवंत' पाणी. आणू नका. शहराचं सांडपाणी त्याच किनाऱ्याला जातं, आणि तुम्ही जे खत काढायला धडपडताय तेच डब्यातून घरी येईल. पावसाळ्यात तर खारटपणाही उतरलेला. दगडांचंही तसंच. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. 'ओरिजिनल लाइव्ह रॉक (समुद्रातून जीवांसकट काढलेला दगड), किनाऱ्यावरचा' असं कुणी कानात सांगितलं तर तो दगड तुमच्या घरी यायला नको, शेवाळासाठी नव्हे, त्या कायद्यासाठी. कोरडा दगड घेतलात ते बरोबरच केलंत.

टँगचा प्रश्न उरला. टँग केस खातो हे खरं, पण तो दिवसभर पोहत लांब पल्ले मारणारा मासा आहे. तीन फुटांत तो येरझाऱ्या घालतो, अंगावर पांढरे ठिपके येतात, आणि मग तुम्ही औषधाची दुसरी बाटली आणता. त्याऐवजी लॉनमोअर ब्लेनी हा मासा बघा. लहानसा, दगडावर बसून डोळे फिरवत तुमच्याकडे बघणारा, घरातल्यांचं मत गप्पींवरून वळवायला तोच पुरे. मात्र घ्यायच्या आधी तो दुकानात तुमच्यासमोर काही खातोय का ते पाहा, आणि केस संपत आले की उपाशी पडू नये म्हणून सुशीसाठी मिळते ती बिनामसाल्याची नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा) क्लिपमध्ये अडकवून द्यायला लागा. पोटाकडून आत गेलेला दिसला तर उशीर झालेला असतो.